एक मेचे पाहुणे

मंडळाच्या गेल्या बैठकीत एक किरकोळ वाटणारा विषय निघाला आणि त्याने दीड तास खाल्ला. येत्या एक मे रोजी उद्यमबागेत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम करावा काय, आणि करावयाचा तर कशा स्वरूपात, एवढाच प्रश्न होता. चहा दोनदा झाला, आवाज एकदा चढले आणि निर्णय पुढील बैठकीवर ढकलून सभा संपली. मी त्या दिवशी फारसा बोललो नाही. मला जे म्हणावयाचे होते ते दोन्ही पक्षांना रुचण्यासारखे नव्हते. ते आता लिहून मांडतो. ज्यांना रागवावयाचे असेल त्यांना निदान सवडीने रागावता येईल.

पहिल्या पक्षाचे म्हणणे असे : आपण कर्नाटकात राहतो, व्यवसाय करतो, कर भरतो. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला आहे, त्याचे काय व्हावयाचे ते तेथे होईल. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषा गौरव दिन करतोच. तो कोणाला खुपत नाही. मग दुसऱ्या राज्याचा स्थापना दिन येथे साजरा करण्याचा अट्टहास कशाला? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे याच्या नेमके उलट : सातासमुद्रापलीकडे लंडनमध्ये आणि न्यू जर्सीत मराठी माणसे हा दिवस थाटात करतात, मग आपण का मागे राहावे? लेझीम असावे, नऊवारी असावी, पुण्याहून वक्ता आणावा, पुरणपोळीचे जेवण ठेवावे.

वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध आहेत. मला मात्र दोघांच्या बोलण्यात एकच गृहीत दिसले. दोघेही आपल्याला येथे परके समजतात. पहिला परका भिडस्त आहे, दुसरा हौशी आहे, एवढाच फरक.

प्रथम भिडस्तांविषयी. एक मे हा दिवस उद्यमबागेला बाहेरून आणावा लागत नाही. तो येथे कायद्यानेच येतो. कर्नाटकात कारखान्यांना ज्या सुट्ट्या द्याव्याच लागतात त्यांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर यांच्या जोडीला आणखी दोन दिवस आहेत : १ मे आणि १ नोव्हेंबर. एक कामगारांचा दिवस, दुसरा राज्योत्सवाचा. त्या दिवशी आपल्या भट्ट्या थंड असतात, लेथ झाकलेली असतात आणि तिसऱ्या रेल्वे गेटपासून खानापूर रस्त्याने येताना एरवी कानठळ्या बसवणारा हा परिसर देवळासारखा शांत असतो. एक मेची सुट्टी बंगळूरच्या विधिमंडळाने दिलेली आहे. ती घेऊन आपण काय करावे, हे मात्र त्याने सांगितलेले नाही.

शिवाय कामगारांचा दिवस आणि महाराष्ट्राचा दिवस एकाच तारखेला येतात, तेव्हा त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही असे निदान आपण तरी म्हणू नये. शिकागोच्या १८८६ च्या कामगार लढ्यातून जगाला मिळालेला हा दिवस मद्रासेत १९२३ साली पाळला गेला, तो भारतातील पहिला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे मनुष्यबळ आले ते मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गिरणगावातून. हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते एक शेतकरी आणि एक कामगार. तेथे कोणी मंत्री उभा नाही. अण्णा भाऊ साठे यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली तीही पोटासाठी गाव सोडून मुंबईत आलेल्या कामगाराच्या तोंडी, आणि त्याच्या विरहाला जोड दिली ती बेळगाव-कारवार हातातून गेलेल्या महाराष्ट्राच्या विरहाची. ज्या गाण्यात आपल्या गावाचे नाव आहे त्याचा दिवस आपला नव्हे, हे कोणत्या तर्काने?

आणि मागणीचा उगम तरी कोठला? १९४६ च्या मे महिन्यात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते संमेलन बेळगावात भरले होते. ठराव येथे झाला. राज्य १ मे १९६० रोजी मुंबईत झाले. आणि ठराव करणारे गाव त्या राज्याबाहेर राहिले. ही गोष्ट दुःखाची आहे, विलक्षण आहे, काहीशी हास्यास्पदही आहे. पण यावरून ‘तो दिवस आपला नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या घरी ठरलेल्या लग्नाला आपल्यालाच आमंत्रण आले नाही, म्हणून ते लग्न आपल्या घरी ठरलेच नव्हते असे कोणी म्हणत नाही.

तेव्हा २७ फेब्रुवारी अवश्य करावा; पण तो एक मेची पळवाट म्हणून करू नये. कुसुमाग्रजांचे नाव पुढे करून आपली भीती लपवणे हे त्यांच्या नावाला शोभणारे नाही.

आता हौशी पक्षाकडे वळतो, कारण मला जास्त काळजी त्यांची वाटते. परदेशातील मराठी माणसांविषयी मला अनादर नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली निघाले, म्हणजे महाराष्ट्र राज्याहून ते अठ्ठावीस वर्षांनी वडील आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. मॉरिशसमधील मराठी माणसे तर एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेली, आणि आज त्या देशात गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. या सर्वांनी जे राखले ते कौतुकास्पद आहे. परंतु त्यांची परिस्थिती काय आहे हे पाहावे. एक मे आठवड्याच्या मध्ये आला तर त्यांना तो शनिवार-रविवारवर ढकलावा लागतो. भाड्याचे सभागृह घ्यावे लागते. मुलांना वर्षातून एकदा मराठी पोशाख घालून ‘आपण मूळचे कोण’ हे दाखवावे लागते. दूर गेलेल्या माणसाने घराची आठवण काढावी हे स्वाभाविक आहे, आणि आठवण ही पदार्थांतून, वस्त्रांतून, गाण्यांतूनच निघते.

पण आपण कोठून दूर गेलो आहोत? उद्यमबागेतून निघून शिनोळीला पोहोचावयास एखादा तास पुरे. शिनोळी चंदगड तालुक्यात आहे, चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, आणि आज तो महाराष्ट्रात आहे. आपल्यापैकी अनेकांची घराणी सावंतवाडीकडून, कोल्हापूर-सांगलीकडून येथे आली. सावंतवाडी, कोल्हापूर, सांगली ही तेव्हा संस्थाने होती आणि बेळगाव मुंबई इलाख्यात होते. आपले शहापूर सांगली संस्थानात. म्हणजे आपल्या पणजोबांनीही एक हद्द ओलांडली होतीच, आणि काहींनी तर शहापुरातून बेळगावच्या बाजारात जाताना ती रोज ओलांडली. तरी त्यांनी स्वतःला परदेशस्थ मानल्याचे ऐकिवात नाही. ज्या गावात आले त्या गावात त्यांनी दुकाने काढली, शाळा काढल्या, वाचनालये चालवली, वर्तमानपत्र काढले. ‘तरुण भारत’ १९१९ साली येथे निघाला तो येथल्या वाचकांसाठी. कोणाची आठवण जागवण्यासाठी निघाला नाही. आणि अनगोळ-मजगावच्या शेतकरी घराण्यांना तर ‘आले’ हे क्रियापदच लागू होत नाही.

म्हणून लंडन-न्यू जर्सीचे अनुकरण येथे विसंगत आहे. पाहुणा आठवण काढतो. घरधनी घर सांभाळतो. वर्षातून एक दिवस फेटा बांधून पाहुण्यासारखे वागण्याची आपल्याला जी गोडी लागली आहे, तिच्यामागे एक सोय दडलेली आहे. पाहुण्याकडे कोणी घराच्या डागडुजीचा हिशेब मागत नाही.

तो हिशेब मी मागू इच्छितो, आणि त्याची सुरुवात फलकांपासून करतो. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकाने आणि आस्थापनांच्या फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देणे बंधनकारक झाले. त्यावर आपण पुष्कळ संताप व्यक्त केला. संतापाची कारणे असतील. परंतु उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय? ते कोणत्या भाषेत असावे यावर आपल्याला कोणी सक्ती केलेली नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी उद्यमबागेतून एक फेरी मारावी आणि मराठी मालकांच्या कारखान्यांचे फलक वाचावेत. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी सापडते ती बहुधा फाटकाआडच्या गणपतीच्या देवळीवर. साठ टक्के आपल्या हातून कायद्याने गेले. चाळीस टक्के आपण होऊन दिले. यांपैकी कोणत्या नुकसानीबद्दल एक मेच्या सभेत भाषण होते, हे आपण सर्व जाणतो.

तीच गोष्ट शाळांची. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने सोय करावी, असे राज्यघटनेचा ३५०-अ हा अनुच्छेद सांगतो. तो राज्यपुनर्रचनेच्या वर्षी, १९५६ साली, नेमक्या आपल्यासारख्यांसाठी घटनेत आला. सरकारने तो किती पाळला यावर वाद करता येईल आणि करावा. पण ज्या मराठी शाळांसाठी आपण निवेदने देतो त्यांच्या पटावर आपल्या नातवंडांची नावे आहेत काय? निवेदनावर सही करणारा आजोबा, इंग्रजी माध्यमात जाणारा नातू आणि मराठी शाळेच्या बाकावर आपल्या भट्टीवरील कामगाराचा मुलगा, असे हे चित्र आहे. भाषा राखण्याचे काम आपण सोयीस्करपणे गरिबांकडे सोपवले आहे आणि तिचा अभिमान तेवढा स्वतःकडे ठेवला आहे. माझ्याही घरात याहून वेगळे चित्र नाही. म्हणूनच हे लिहिताना मला कोणाकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही, हेही मान्य करतो.

येथे कोणी म्हणेल की ही सारी दुखणी एका मूळ अन्यायातून निघाली, आणि तो अन्याय दूर झाल्याशिवाय बाकीचे बोलणे व्यर्थ आहे. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली’ हे वाक्य आपल्या प्रत्येक सभेत टाळ्या घेते. ते खरेही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते येथील मराठी माणसाच्या इच्छेने गेले नाही. त्या वर्षीच्या १७ जानेवारीला बेळगावात आणि निपाणीत गोळीबारात माणसे मेली. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव कर्नाटकाकडे ठेवले. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावीत असे सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि गावे होती तेथेच राहिली. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या. हे विसरावे असे मी म्हणत नाही. विसरणाऱ्याला हुतात्मा दिनी मान खाली घालून उभे राहण्याचा हक्क उरत नाही.

पण अन्याय झाला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे समजण्याची चूक आपल्या हातून झाली आहे. न्याय न्यायालयातून यावयाचा. भाषा मात्र न्यायालयातून येत नाही. उद्या निकाल आपल्या बाजूने लागला आणि बेळगावावर महाराष्ट्राचा अंमल आला, तरी ज्या घरात मराठी पुस्तक उघडले जात नाही त्या घरात ते उघडले जाणार नाही. मुंबई महाराष्ट्रातच आहे. तेथील मराठी शाळांची स्थिती काय आहे ते वर्तमानपत्रांतून आपण वाचतोच. उलट बाजूही पाहावी. इंदिरा संत बेळगावात राहिल्या, येथे अध्यापन केले, १९५६ त्यांच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले, आणि १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार ज्याला मिळाला तो ‘गर्भरेशीम’ संग्रह महाराष्ट्राबाहेरच्या या गावातून मराठीला मिळाला. जी. ए. कुलकर्णी तीसेक वर्षे धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा मराठीत लिहीत राहिले. हद्द कोठे आहे याची वाट पाहत यांपैकी कोणी लेखणी खाली ठेवली नाही. भावना तापवून मते मिळतात असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठीही एक हिशेब आहे : २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. घोषणा त्याच होत्या. त्यांच्या खालची रोजची मराठी झिजली होती.

आता सर्वांत अवघड मुद्दा, ज्यावर बैठकीत आवाज चढले होते. एक मेच्या कार्यक्रमाला कन्नड भाषकांना बोलवावे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते चांगुलपणापोटी नाही, न्यायबुद्धीपोटी आहे. अक्कलकोट आणि जत या तालुक्यांत कन्नड घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांनी १ नोव्हेंबरला आपल्या अंगणात भुवनेश्वरीची पूजा केली तर तो महाराष्ट्रद्रोह आहे काय? नसेल, तर आपला एक मे हाही कर्नाटकद्रोह नाही. आणि जर आपल्याला त्यांचे खुपत असेल, तर येथे आपले कोणाला खुपले म्हणून तक्रार करण्याचे तोंड आपल्याला राहत नाही. जो हक्क आपण मागतो तो दुसऱ्याला देण्याची तयारी हीच त्या मागणीची खरी कसोटी.

१ नोव्हेंबर आपण काळा दिन म्हणून पाळतो, मग त्यांच्या आनंदाच्या दिवसाविषयी आदर कसा दाखवावा, असे मला विचारण्यात आले. सुतक पाळतो ते एका निर्णयाचे. शेजाऱ्याच्या भाषेचे नव्हे. या दोन गोष्टींतील अंतर आपण पुसले, म्हणून ते समोरच्यानेही पुसले. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच गावी भरले. कर्नाटक एकीकरणाचे हुईलगोळ नारायणरावांचे गीत तेथे गायले गेले. म्हणजे दोन भाषांच्या दोन स्वप्नांना, बावीस वर्षांच्या अंतराने, याच मातीत वाणी फुटली. दोघांचेही स्वप्न आपापल्या भाषेचे राज्य व्हावे हेच होते. ज्यांना हे स्वप्न कळते त्यांनाच एकमेकांचे दुःख कळू शकते. द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. ते कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी झाले. पु. लं.च्या ‘गणगोत’मधील रावसाहेब आठवावेत. कानडी हेलाच्या त्या मराठीवर आपण हसतो, कारण तसा माणूस आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत होऊन गेला आहे. आपल्या ओतकामाच्या खात्यात साचा उचलताना दोन माणसे दोन भाषांत ओरडतात आणि साचा एकाच वेळी उचलला जातो. ज्यांच्याबरोबर वितळलेले लोखंड हाताळताना आपल्याला भीती वाटत नाही, त्यांच्याबरोबर एक मेला बसावयास कसली भीती?

तेव्हा पुढील बैठकीपुढे माझी सूचना अशी आहे. एक मेचा कार्यक्रम करावा, आणि तो उद्यमबागेतच, एखाद्या बंद कारखान्याच्या आवारात, सकाळी करावा. सुट्टी ज्यांची आहे त्या कामगारांना कुटुंबासह बोलवावे. त्यांना श्रोते म्हणून मागे न बसवता त्यांच्यातील कोणाला तरी बोलावयास लावावे. वक्ता बाहेरून आणू नये. जो सायंकाळी गाडीने परत जाणार आहे त्याच्या आवेशाची किंमत आपल्याला नंतर मोजावी लागते. एका कन्नड लेखकाला सन्मानाने बोलवावे आणि त्याने कन्नडमध्ये बोलावे. हुतात्म्यांना दोन मिनिटे उभे राहून वंदन करावे. आणि भाषणांच्या जागी प्रत्येक सभासदाने तीन प्रश्नांची जाहीर उत्तरे द्यावीत : गेल्या वर्षभरात माझ्या घरातील किती मुलांनी एखादे मराठी पुस्तक पूर्ण वाचले? माझ्या फलकावरील चाळीस टक्क्यांत काय लिहिले आहे? आणि ज्या मराठी शाळेसाठी मी निवेदनावर सही केली, तिच्या दारात मी शेवटचा केव्हा गेलो होतो?

पहिल्या वर्षी उत्तरे लाजिरवाणी येतील. माझी तर नक्कीच येतील. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पुरणपोळीचा बेत घरी अवश्य करावा. त्याला कोणाची हरकत नाही. मात्र त्याला महाराष्ट्र दिन म्हणू नये. दीड शतकाहून जुने सार्वजनिक वाचनालय ज्या गावात आहे, त्या गावच्या मराठी माणसाने आपल्याच घरी पाहुण्यासारखे ताट वाढून घेऊन ढेकर द्यावी, हे मला या वयात पाहवत नाही.